नायकांची चौकशी

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकाही कादंबरीच्या नायकावर विश्वास ठेवला नाही. नायिकेच्या आईबापांवर थोडाफार ठेवायचे, पण तोही त्यांची शेतीवाडी, गाव, भाऊबंद नीट कळल्यावर.

सांगलीत फार्मसीला होते तेव्हा चार वर्षं मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, जिथं घरटी एक माणूस फौजेत असतो अशा गावचे. बायको सांगलीची म्हणून घर सांगलीत बांधलं. माडीवर आम्ही सहा मुली होतो. आम्ही त्यांना आबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकी.

आबा फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. समोर स्टूल, स्टुलावर येण्याजाण्याच्या नोंदीची वही. कुणीही फाटकाला हात लावला की आवाज यायचा, "थम! कौन आता है?" आपण म्हणायचं, "दोस्त." मग कडी निघायची. पहिल्या आठवड्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यावरून कॉलेजची मुलं जाताहेत आणि मी फाटकाबाहेर उभी राहून म्हाताऱ्याला दोस्त म्हणतेय. पण पेपरवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे म्हणायचे. एकदा काकी मंडईतून दोन पिशव्या घेऊन आल्या आणि वैतागून म्हणाल्या, "अहो, मी आहे मी."

"मी म्हंजी कोन?"

"तुमच्या भाकरी थापणारी."

आबांनी थोडा विचार केला आणि कडी काढली. पण त्या दिवशी वहीत काकींच्या नावापुढं लाल खूण पडली ती पडलीच.

ती पेन्सिल मला अजून दिसते. जाड, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. लाल म्हणजे संशय, निळी म्हणजे खात्री. लाल टोक रोज ब्लेडनं तासलं जायचं. निळ्याला दुकानातून आल्यापासून धार लावलेली नव्हती, कारण गरजच पडली नव्हती.

माझ्या खोलीत श्वेता म्हणून शिराळ्याची मुलगी होती. तिच्याकडं जुन्या बाजारातून आणलेल्या प्रेमकथांचं पोतं होतं. पोतं म्हणजे खरोखरचं पोतं, साखरेचं. त्यात कंपनीचे गर्विष्ठ मालक होते, रक्त पिणारी देखणी मुलं होती, पौर्णिमेला लांडगा होणारी मुलं होती. काही इंग्रजी, बरीचशी मराठीत आणलेली. एकदा तिचं एक पुस्तक जिन्यात राहिलं. तीन दिवस सापडलं नाही. चौथ्या दिवशी आबांनी ते फाटकाशी तिच्या हातात दिलं. उघडून बघितलं तर समास लाल झालेले.

नायक पहिल्यांदा नायिकेच्या खोलीत येतो, तिथं लिहिलं होतं: 'दार आहे. मग खिडकीतून का?' नायक सांगतो की आपलं वय तीनशे वर्षं आहे, तिथं: 'तीनशे वर्षांत बारावी सुटली नाही. अभ्यासात कच्चा.' नायिका म्हणते मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही तरी मी त्याच्याशिवाय जगू शकत नाही, तिथं आबांनी नुसती एक उभी रेघ ओढली होती, कागद फाटेपर्यंत.

हसून हसून आमच्या पोटात दुखलं. मग हसू ओसरलं आणि शंका आली. सत्तरीचा माणूस पोरीबाळींच्या प्रेमकथा कशाला वाचतो? श्वेता म्हणाली, म्हातारचळ. मला तसं वाटलं नाही, मला त्याहून वाईट शंका आली. मला वाटलं, हा माणूस आमच्या डोक्यात काय चाललंय ते शोधतोय आणि आमच्या घरी कळवतोय. आमच्या वडिलांनी मला इथं ठेवलं ते 'सुभेदाराचं घर हाय, पोरीला कुणाची नजर लागायची न्हाई' म्हणूनच. त्यामुळं हा माणूस वडिलांचा, असं मी पहिल्यापासून धरून चालले होते.

श्वेता मात्र निडर. ती मुद्दाम एकेक पुस्तक जिन्यात ठेवायला लागली आणि आबा एकेका नायकाची चौकशी लावायला लागले. पुस्तक परत देताना निकाल तोंडी सांगायचे. दोनशे पानं नायिकेचा पाणउतारा करून शेवटी प्रेम होतं म्हणून सांगणाऱ्या कंपनीमालकाबद्दल म्हणाले, "असल्या सायबाच्या हाताखाली मी काम केलंय. शेवटाला बदलत न्हाईत ही मानसं. बदली झाली तरच सुटका."

श्वेतानं एकदा फोनवर वाचलेली नागाची गोष्ट त्यांना सांगितली. नायक रात्री नाग होतो आणि दिवसा कॉलेजला जातो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू शिराळ्याची. नागपंचमीला लहानपनापास्नं नाग बघितल्यास. वळखीचा झालाय का तुज्या कवा एखादा?"

"नाही आबा."

"मंग? आनि गार रगताचं जनावर. मिठी मारून काय फायदा?"

कितीही जाड पुस्तक असलं तरी ते एक पान शोधायचे. पोरगी अडचणीत सापडते ते पान. घरच्यांनी पकडलं, गावानं घेरलं, नायकाच्या कुळातले म्हातारे अंगावर आले. तिथं त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा: 'ह्या वेळी हा कुठे होता?' बहुतेक नायक त्या वेळी 'तिच्या भल्यासाठी' तिला सोडून दूर गेलेले असायचे. आबांना त्याचा भयंकर राग यायचा.

"उसाचं कांडं हातात धरून कळतंय व्हय ग्वाड हाय का फिक्कं?" ते म्हणायचे. "चरकात घालावं लागतंय. दाब पडल्याबिगर रस न्हाई आनि दाब पडल्याबिगर मानूस न्हाई. पोरगा चांगला हाय, चांगला हाय म्हनू नगा मला. चरकात घालून बोला."

हे सगळं कुठून आलं ते काकींनी एकदा शेंगा फोडताना सांगितलं. लग्नाआधी आबा रजेवर सांगलीला आले असताना दोघांची ओळख झाली होती. काकींच्या वडिलांच्या कानावर गेलं. त्यांनी चार भावांना दारात बसवलं. तर हा बाबा भर दुपारी पुढच्या दारानं आला, ताठ उभा राहिला आणि नाव, गाव, पलटण, नंबर सगळं सांगून म्हणाला, "मी हिला वळखतो. विचारायला आलोय." भावांनी मारायचं ठरवलं होतं, पण कुठून सुरुवात करावी तेच त्यांना कळेना. काकी हे सांगताना लाजल्या, साठी उलटलेल्या होत्या तरी. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटला, कारण तोवर माझंही सुरू झालं होतं.

तो माधवनगरला एका वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि संध्याकाळी मिरजेपलीकडच्या आपल्या गावी जायचा. त्याचं घर आमच्या घरात बसणारं नव्हतं, एवढंच सांगते. बोलायचा मात्र श्वेताच्या पोत्यातल्यासारखं. 'तुझ्यासाठी सगळ्या जगाशी लढेन' असा त्याचा मेसेज मी जपून ठेवला होता. शेवटचं वर्ष होतं. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि वडिलांनी फोनवर दोनदा फोटो मागितला होता. तो म्हणाला, परीक्षेची वाट बघत बसलो तर तुला उजवून टाकतील. आधी आळंदीला जाऊन लग्न लावून येऊ, परीक्षा काय, पुढंही देता येते. मी हो म्हणाले. चार वर्षं घासलेली पदवी मी एका दुपारी, उसाच्या रसाच्या गाड्यावर उभी राहून, सोडायला तयार झाले होते. जायचा दिवसही ठरला. पुढच्या आठवड्यातला गुरुवार.

वहीत रविवारी मी 'माधवनगर, मैत्रिणीकडे' असं लिहायची. तिसऱ्या रविवारी त्यावर लाल गोल पडला आणि सोमवारी सकाळी आबांनी मला फाटकाशी थांबवलं.

"माधवनगरात तुजी मैत्रीन न्हाई."

"तुम्हाला काय माहीत?"

"मैत्रिनीकडं जानारी पोरगी जाताना घाईत असती आनि येताना निवांत. तुजं उलटं हाय. नाव सांग त्याचं."

माझं डोकं फिरलं. चार वर्षांचा सगळा संशय एकदम वर आला. मी म्हणाले, "तुम्ही आमच्या घरी कळवता ना सगळं? घ्या मग." आणि त्याचं नाव, गाव, सगळं सांगून टाकलं. आळंदीचंसुद्धा. वर म्हणाले, "तो काही तुमच्या पुस्तकातल्यासारखा नाही. सगळ्या जगाशी लढायला तयार आहे."

"जगाशी नगं," आबा म्हणाले. "त्याच्या चुलत्याशी लढंल का?"

"जा ना. करा चौकशी!"

हे मीच म्हणाले. पुढं सगळा दोष आबांना देताना मी हे एक वाक्य सोयीनं विसरत आले.

मंगळवारी दुपारी आबांनी पांढरं धोतर नेसलं, कोट घातला आणि स्कूटर काढली. आमच्याकडं मुलाची खरी चौकशी करायची तर त्याच्या घरी जात नाहीत, दुधाच्या डेअरीवर जातात. संध्याकाळी सगळं गाव किटल्या घेऊन तिथं येतं. कुणाच्या दुधात पाणी, कुणाच्या घरात भांडण, कुणाचा पोरगा कामाचा, सगळं तिथं रांगेत उभं असतं. आबा अंधार पडायच्या सुमाराला परत आले. मी जिन्यातच होते. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "त्याला फोन लाव. म्हनावं, उद्या हितं ये. पुढच्या दारानं."

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. तासाभरानं लावला. श्वेताच्या फोनवरून लावला तर रिंग वाजली, आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर तोही कट झाला.

"तुम्ही काय बोललात त्याला?" मी खाली येऊन ओरडले.

"बोललो न्हाई काय," आबा म्हणाले. "ऐकून आलो."

यापलीकडं एक शब्द नाही. मला दुसरं काय वाटणार? म्हाताऱ्यानं धाक घातला, पोलिसांचं नाव काढलं, पोरगा घाबरला. रात्रभर मी रडले, आणि रडताना मनातल्या मनात आबांना नाही नाही ते बोलले.

बुधवारी सकाळी दहाला फाटक वाजलं. "थम! कौन आता है?" पण पलीकडून दोस्त आलं नाही. पलीकडं माझे वडील होते आणि सुट्टीवर आलेला माझा फौजी भाऊ. मी जिन्याच्या वळणावर थांबून ऐकू लागले.

वडील आत आले ते बोलतच. "आवं सुभेदार, काल त्या गावात डेअरीवर तुमी गेल्ता का न्हाई? पोरगी कडेगाव तालुक्यातली हाय, सांगलीला फार्मसीला हाय, असं बोल्लासा का न्हाई? माज्या मेव्हन्याची सोयरीक हाय त्या गावात. तुमी घरी पोचायच्या आधी फोन आला मला. त्यो पोरगा माज्या पोरीचा कोन?"

तेव्हा कुठं मला उलगडा झाला. लग्नाच्या पोराची चौकशी करायला परका माणूस डेअरीवर आला म्हणजे तो स्थळ घेऊन आला, असंच गाव धरतं. मग लोक उलट विचारणारच, पाव्हणं, पोरगी कुठली? आणि आबांचा नियम असा, की चौकशी करणाऱ्यानं आधी आपली खरी ओळख द्यायची. त्यांनी आपलं नाव सांगितलं, सांगलीचं सुभेदार म्हणून सांगितलं. माझं नाव सोडून बाकी सगळं खरं सांगितलं. आयुष्यभर पहारा केलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं कडी काढून दिली होती.

"व्हय, गेल्तो," आबा म्हणाले. "हिच्या भनीच्या नातीसाठी गेल्तो. तीबी कडेगावकडचीच. तीबी फार्मसीला."

वडिलांनी काकींकडं बघितलं. काकी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "हो," त्या म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीची नात." काकींना बहीण नव्हती. चार भाऊ होते, तेच ते.

वडिलांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, "वही दाखवा. पोरगी रविवारी कुटं जाती ते बघू द्या."

वहीत तीन रविवार होते, तिन्ही माधवनगरचे, तिसऱ्यावर लाल गोल. वडिलांनी बघितलं असतं तर त्याच दुपारी मी कडेगावच्या एसटीत बसले असते आणि परीक्षा, पदवी, सगळं तिथंच संपलं असतं. आबांनी वही उचलून दिली. वडिलांनी बोट फिरवत वाचलं. 'रविवार. खोलीवर. अभ्यास.' मागचा रविवार. 'खोलीवर. अभ्यास.' त्याच्या मागचाही तोच.

वडिलांनी सुस्कारा सोडला आणि वही भावाकडं दिली. भाऊ फौजी. त्यानं वाचलं नाही, आधी पुठ्ठा बघितला. नवाकोरा. पानं उलटली तर सहा महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्यासारख्या, अक्षर एकसारखं, दाब एकसारखा. त्यानं मान वर करून आबांकडं बघितलं. आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग भावानं वही मिटली आणि म्हणाला, "ठीक है, साब." वडिलांना म्हणाला, "चला आण्णा, पोरीला अभ्यास करू द्या."

नंतर काकींनी सांगितलं, आता पोरीच्या घरचे येणार म्हणून आबा पहाटे चारपासून वही उतरवून काढत होते. चाळीस वर्षांत खोटी नोंद केली नव्हती म्हणे.

आता सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा त्यांच्याबद्दल एवढीसुद्धा माया वाटली नाही. मला वाटलं, स्वतःची चूक झाकायला केलं. आग लावायची आणि मग बादली घेऊन धावायचं. माझा माणूस यांनी पळवून लावला, आणि आता उपकार दाखवतायत. परीक्षेला तीन महिने होते. तीन महिने मी आबांशी एक शब्द बोलले नाही. फाटकाशी आले की त्यांचं "थम! कौन आता है?" व्हायचं आणि मी तोंड फिरवून उभी राहायची. दोस्त म्हणायची नाही. थोड्या वेळानं ते काही न बोलता कडी काढायचे. सगळ्या सांगलीत ही सवलत मला एकटीलाच होती.

परीक्षा झाली. पहिल्या वर्गात पास झाले. खोली सोडताना आबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "सवडीनं बघ," म्हणाले. श्वेताच्या पोत्यातलंच असणार. मी ते न उघडता ट्रंकेच्या तळाशी टाकलं. तो मुलगा वर्षाच्या आत त्याच्या मामाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. मी त्यालाही माफ करून टाकलं. घरच्यांच्या दाबाखाली बिचारा काय करणार, आणि सुरुवात कुणी केली, आबांनी.

पुढं माझं लग्न कराडला झालं. आता तिथंच आमचं औषधाचं दुकान आहे. चिठ्ठीवरची डॉक्टरची सही मी दोनदा बघते, नवरा हसतो. लग्नाला अकरा महिने झाले असतील, घरातल्याच एका लग्नात हॉलवर जेवणाची पंगत चालली होती आणि लांबून आवाज आला, "थम! कौन आता है?" सगळा हॉल वळला. आबा होते. नवरदेवाचे वडील त्यांच्या पलटणीतले. तोंडभर हसत, हातात ताट घेऊन माझ्याकडं येत होते.

सासूबाईंनी विचारलं, "कोण गं हे?"

आबांची ओळख द्यायची म्हणजे खोली सांगावी लागणार, मग वही, मग माधवनगर. आजूबाजूला नणंदा होत्या, चुलत सासू होती. मी म्हणाले, "काय माहीत. मी नाही ओळखत."

ते तोवर जवळ आले होते. त्यांनी ऐकलं. हसू तसंच ठेवून ते वळले आणि ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले.

यंदा उन्हाळ्यात माहेरी गेले होते. भावाची मुलगी आता तेरा-चौदा वर्षांची आहे आणि तिला असल्याच गोष्टींचं वेड. तिनं माझी ट्रंक उचकली. दुपारी पुस्तक घेऊन माझ्यासमोर आली. "आत्या, हे कुणी रंगवलंय? लय भारी हाय. नायकाला नुसतं धुतलंय." मग म्हणाली, "पण एका पानावर निळं हाय बघ."

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. लांडग्यांच्या कुळातल्या मुलाची गोष्ट होती. कुळातले म्हातारे त्याला उभा करून विचारतात, माणसांच्या वस्तीतल्या या मुलीला तू ओळखतोस का? आणि तो सगळ्यांसमोर म्हणतो, ओळखतो. तिथं निळी रेघ होती. त्यासाठी आबांनी निळं टोक तासलं होतं. शेजारी लिहिलं होतं: 'पाच जणांसमोर विचारलं. ओळख दिली. निळा.'

त्याखाली बारीक अक्षरात, वहीतल्या नोंदीसारखं:

'तुझ्यालाही विचारलं. मंगळवार, दूध घालायची वेळ, डेअरी. हजर: त्याचा चुलता, डेअरीचा सेक्रेटरी, इतर तीन. उत्तर: ओळखत नाही, असल्या मुली मागे लागतात. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. परीक्षा होती म्हणून तुला कळवलं नाही. परीक्षा झाली, आता कळवतो. तोवर राग माझ्यावर राहिला तर चालेल. माझी चूक: तालुका सांगितला. सांगायला नको होता.'

मी ते तीनदा वाचलं. गंमत म्हणजे मला त्या मुलाचा रागसुद्धा आला नाही. माझ्या डोळ्यांसमोर कराडचा तो हॉल आला, पंगत आली, ताट घेऊन वळलेली पाठ आली. त्याच्यासमोर निदान चुलता उभा होता. मी नुसत्या पंगतीसमोर नाही म्हणाले होते. मी भाचीसमोर रडले. ती घाबरून पाणी आणायला धावली.

त्याच रात्री नवरा न्यायला आला, त्याला सगळं सांगितलं, माधवनगरपासून. त्यानं उठून पंखा वाढवला. मला वाटलं आता संपलं. मग म्हणाला, "मला आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." दिवा मालवताना म्हणाला, "रविवारी दुकान बंदच असतं. जाऊन येऊ."

फाटक तेच. खुर्ची नवी, प्लास्टिकची. आबा वाळलेत, कानात मशीन आहे. माडीवरच्या दोन नव्या मुली स्कूटी काढत होत्या. काकी दारात आल्या. नवरा आणि भाची माझ्या मागं.

"थम! कौन आता है?"

"दोस्त."

"ऐकाया आलं न्हाई."

"दोस्त!" मी ओरडले. नव्या मुली हसायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "तुम्ही ओळखता आजोबांना?"

"ओळखते," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चार वर्षं इथं राहिले. माझी पदवी ह्यांच्यामुळं आहे. एकदा कराडला लोकांसमोर मी ह्यांना ओळखत नाही म्हणाले होते, ते खोटं होतं."

आबांनी कडी काढली नाही. स्टुलावरची वही ओढली, चष्मा लावला, माझं नाव लिहिलं. 'कशासाठी' या रकान्यात काही लिहिलं नाही. मग खिशातून पेन्सिल काढली. मी आशेनं बघत होते. त्यांनी माझ्या नावाखाली सरळ, ठसठशीत रेघ ओढली. लाल.

"आबा!"

"एकडाव आलीस म्हंजी काय झालं?" ते म्हणाले आणि कडी काढली. "फुडल्या रविवारी ये. मंग बघू."

तेव्हापासून सहा रविवार झाले. पाच वेळा गेले. एकदा सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून चुकले, तिथं वहीत माझ्या नावापुढं लाल गोल आहे. काल काकींचा फोन आला होता. म्हणाल्या, "अगं, हे सकाळपासून पेन्सिल तासायला ब्लेड शोधतायत, घर डोक्यावर घेतलंय." कुठलं टोक तासायला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तेवढ्यावरून पुन्हा संशय घेतला असता त्यांनी. रविवारी कळेलच.